साठविलेले कार्ड आणि गृहस्थाचा संयम

गृहस्थाश्रमात धनाचा व्यवहार अपरिहार्य आहे. अन्न, वस्त्र, मुलांचे शिक्षण, वृद्धांची सेवा, अतिथीचा सत्कार, देवकार्य आणि दान ही सर्व कर्तव्ये धनावाचून पार पडत नाहीत. म्हणूनच शास्त्रकारांनी अर्थाची गणना पुरुषार्थांत केली. मात्र त्याचे स्थान धर्माच्या मागे ठेविले. धन कोणत्या मार्गाने येते याचा विचार सद्‌गृहस्थ बहुधा करतो. ते कोणत्या मार्गाने जाते आणि जाताना आपले मन कोणत्या अवस्थेत असते, याचा विचार मात्र फार थोडे लोक करतात.

हल्ली पुष्कळ साधकांच्या मनात एक शंका उद्भवते. ती अशी : "ऑनलाइन खरेदीच्या खात्यात माझे क्रेडिट कार्ड साठविलेले आहे. ते तेथून काढून टाकावे असे मनात येते. परंतु इतक्या लहान गोष्टीला धर्मविचारात स्थान आहे काय? कार्ड काढल्याने मन शुद्ध होते काय? आणि मन शुद्धच असेल, तर कार्ड काढण्याचे प्रयोजन काय?"

गोष्ट लहान आहे हे खरे. परंतु गृहस्थाचे जीवन अशाच लहान गोष्टींचे बनलेले असते. अरण्यवास, सर्वस्वदान, महायज्ञ असे प्रसंग शेकडो माणसांत एखाद्याच्या वाट्याला येतात. खरेदीचा प्रसंग प्रत्येकाच्या वाट्याला रोज येतो. जेथे मन रोज घसरू शकते, तेथेच ते रोज सावरताही येते. म्हणून या तिन्ही प्रश्नांचा येथे क्रमाने विचार करू.

साठविलेले कार्ड म्हणजे काय?

उधारीची प्रथा आपल्याकडे नवी नाही. वाण्याच्या दुकानात घराघराचे खाते असे. महिन्याच्या अखेरीस किंवा सुगी झाल्यावर ते चुकते होई. त्या पद्धतीत दोष होतेच. परंतु एक गुणही होता. प्रत्येक वेळी माणसाला दुकानात जाऊन तोंडाने मागावे लागे. वाणी घराची परिस्थिती ओळखून असे, आणि खाते फार फुगले तर तोच हात आखडता घेई. मागणाऱ्याला थोडा संकोच वाटे. त्या संकोचाने कित्येक घरे वाचली असतील.

अमेरिकेत १९५० साली डायनर्स क्लबने उपाहारगृहांतील बिलांसाठी कार्ड काढले, तेव्हापासून आधुनिक कार्डाचा प्रसार झाला. त्या काळी कार्ड खिशात असे. ते बाहेर काढावे लागे, पावतीवर सही करावी लागे. पुढे ऑनलाइन बाजार आला. ग्राहकाची माहिती एकदा नोंदवून ठेवावी आणि पुढे एका कळीसरशी खरेदी पुरी व्हावी, या पद्धतीचे एकस्व १९९९ साली अमेरिकेत ॲमेझॉन कंपनीस मिळाले आणि ते २०१७ पर्यंत चालले. एकेक पायरी कमी करणे ही गोष्ट व्यापाराच्या दृष्टीने किती मोलाची आहे, हे यावरून ध्यानात येते. ग्राहकाला विचार करण्यास लागणारा वेळ जितका कमी, तितकी विक्रीची शक्यता अधिक.

भारतात रिझर्व्ह बँकेने या बाबतीत काही बंधने घातली आहेत. १ ऑक्टोबर २०२२ पासून, कार्ड देणारी बँक आणि कार्डांचे जाळे चालविणाऱ्या संस्था यांच्याखेरीज कोणासही ग्राहकाच्या कार्डाचा मूळ क्रमांक साठविता येत नाही. विक्रेत्याकडे त्याऐवजी 'टोकन' नावाचा एक पर्यायी क्रमांक राहतो. तो त्या कार्डापुरता व त्या विक्रेत्यापुरताच चालतो, आणि ग्राहकाची स्पष्ट संमती घेतल्यावाचून तो निर्माण करता येत नाही. ओळख पटविण्यासाठी ग्राहकास कार्डाचे शेवटचे चार अंक तेवढे दिसतात.

या व्यवस्थेने चोरीचे भय पुष्कळ कमी झाले. परंतु तिच्यामुळे एक गोष्ट अधिक स्पष्ट झाली, ती साधकाने नीट पाहावी. विक्रेत्याजवळ आता आपला मूळ क्रमांक नसतो. त्याच्याजवळ राहते ती आपली संमती. आपण एके दिवशी, एका वस्तूच्या खरेदीच्या वेळी, एका चौकोनात खूण करून ती दिलेली असते. पुढे त्या वस्तूचे विस्मरण होते. संमती मात्र जागी राहते. आज दिलेली ही संमती उद्याच्या, परवाच्या, पुढील वर्षाच्या अशा इच्छांसाठी असते, ज्या इच्छा अजून जन्मासही आलेल्या नाहीत. त्या शुभ असतील की अशुभ, आवश्यक असतील की केवळ चंचलतेच्या, हे आपणास ठाऊक नसते. तरीही त्यांच्या वाटेतील एक दार आपण आधीच उघडून ठेवितो. या विषयाचे मर्म येथेच आहे.

इच्छा आणि कृती यांमधील अवकाश

श्रीमद्‌भगवद्‌गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील बासष्टाव्या व त्रेसष्टाव्या श्लोकांत भगवंतांनी मनुष्याच्या पतनाचा क्रम दाखविला आहे. विषयाचे वारंवार चिंतन केल्याने त्याच्याविषयी ओढ उत्पन्न होते, ओढीतून कामना, कामनेतून क्रोध, क्रोधातून मोह, मोहाने स्मृतीचा भ्रंश, आणि स्मृतीच्या भ्रंशाने बुद्धीचा नाश. या क्रमाकडे नीट पाहिले असता एक आशेची गोष्ट दिसते. हा क्रम आहे, म्हणजे त्यास पायऱ्या आहेत. जेथे पायऱ्या आहेत तेथे थांबण्यास जागाही आहे. मनुष्य एकदम कोसळत नाही. तो पायरीपायरीने उतरतो, आणि प्रत्येक पायरीवर बुद्धीला हाक देण्याची संधी त्यास असते.

आता आजच्या खरेदीचा विचार करा. रात्री जेवणे झाली आहेत, शरीर थकलेले आहे, हातात मोबाइल आहे. एक वस्तू दृष्टीस पडते. दुसऱ्या दिवशी तीच पुन्हा दिसते. कारण आपण काय पाहतो याची नोंद घेऊन तेच पुनःपुन्हा समोर आणणारी यंत्रे आता आहेत. चिंतन करण्याचे कामही मनाला स्वतः करावे लागत नाही. ते बाहेरून करवून घेतले जाते. ओढ निर्माण होते. कामना उठते. पूर्वी येथे अवकाश होता : बाजार बंद असे, खिशात पैसे नसत, घरात विचारावे लागे, सकाळपर्यंत थांबावे लागे. साठविलेल्या कार्डाने हा अवकाश जवळजवळ नाहीसा केला. आपल्या देशात ओटीपीसारखी दुसरी पडताळणी बहुधा करावी लागते, हे खरे. परंतु तो अंक पाहून टाकणे इतके अंगवळणी पडते की त्यात विचाराचा अंश उरत नाही. आणि परदेशी विक्रेत्यांकडे तशी पडताळणी नेहमीच मागितली जाते असेही नाही.

हातातून प्रत्यक्ष नाणे न गेल्यास मनुष्य अधिक सैल हाताने खर्च करतो, हे विद्वानांनी प्रयोगानेही दाखविले आहे. अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठातील ड्रॅझेन प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर यांनी २००१ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. सामन्यांच्या तिकिटांसाठी विद्यार्थ्यांकडून बोली मागविली. काहींना रोख द्यावयाचे होते, काहींना क्रेडिट कार्डाने. वस्तू तीच, तरी कार्डाने देणारांची बोली रोख देणारांहून दुपटीपर्यंत गेलेली आढळली. त्या विद्यार्थ्यांची बुद्धी काही कमी नव्हती. साधन बदलल्याबरोबर मनाचे माप बदलले, एवढाच याचा अर्थ.

म्हणून साठविलेले कार्ड काढणे याचा अर्थ, इच्छा आणि कृती यांच्यामधील हरवलेला अवकाश पुन्हा स्थापन करणे, असा समजावा. उठून कपाटापर्यंत जाणे, कार्ड शोधणे, सोळा अंक एकेक करून टाकणे, यास दोन-तीन मिनिटे लागतात. ही दोन-तीन मिनिटे विवेकाला उभे राहण्याची जागा आहे. त्या जागेत विवेक उभा राहीलच असे नाही. पण जागाच नसेल तर तो कोठे उभा राहणार?

शंका पहिली : हा केवळ बाह्याचार नव्हे काय?

कोणी म्हणेल : "गीतेच्या तिसऱ्या अध्यायातील सहाव्या श्लोकात, कर्मेंद्रिये आवरून मनाने विषयांचे चिंतन करीत बसणाऱ्यास भगवंतांनी मिथ्याचारी म्हटले आहे. कार्ड काढून टाकले आणि मन वस्तूंतच घोटाळत राहिले, तर आम्ही मिथ्याचारीच ठरणार नाही काय?"

ही शंका योग्य आहे. कार्ड काढले म्हणजे वैराग्य आले, असे जो मानील तो स्वतःस फसवील. दुसऱ्या अध्यायातच भगवंतांनी सांगितले आहे की, आहार तोडणाऱ्या माणसापासून विषय दूर होतात, पण त्यांची गोडी मागे राहते. ती परमतत्त्वाच्या दर्शनानेच जाते. परंतु त्याच्या पुढील श्लोकात, प्रयत्न करणाऱ्या शहाण्या पुरुषाचेही मन इंद्रिये बळाने ओढून नेतात, असा इशाराही दिला आहे. याचे तात्पर्य असे की, आतील शुद्धी साध्य होईपर्यंत बाहेरील कुंपणाची आवश्यकता असते. रोपटे लहान असताना माळी भोवती काटे लावतो. काट्यांनी रोपटे वाढत नाही. ते पाण्याने व सूर्यप्रकाशाने वाढते. तरी काटे काढून टाकले तर गुरे ते खाऊन जातात. मिथ्याचारी तो, जो कुंपणालाच झाड समजून पाणी घालणे सोडतो. जो कुंपणही घालतो आणि पाणीही घालतो, त्यास मिथ्याचारी म्हणता येणार नाही.

शंका दुसरी : मन स्थिर असेल तर कार्ड काढावे कशास?

खरोखर मन स्थिर असेल तर काढण्याची सक्ती नाही. जनकाने राज्यात राहून सिद्धी मिळविली, हे गीतेनेच सांगितले आहे. दोष साधनात नसतो. वृद्ध माता-पित्यांची औषधे दरमहा मागवावयाची आहेत, घरातील विजेचे बिल वेळेवर भरावयाचे आहे, दूर गावी शिकणाऱ्या मुलाची सोय पाहावयाची आहे, अशा ठिकाणी कार्ड साठवून ठेवणे हे कर्तव्याचे साहाय्य होऊ शकते. हात कापणाऱ्या, डोळ्यांनी कमी दिसणाऱ्या वडीलधाऱ्या माणसाला प्रत्येक वेळी सोळा अंक टाकावयास लावणे यात कोणताही धर्म नाही.

परंतु येथे दोन गोष्टींचा विचार करावा. पहिली ही की, "माझे मन स्थिर आहे" हा निर्णय मनानेच दिलेला असतो. म्हणून त्याची साक्ष दुसऱ्याकडून घ्यावी. ती साक्ष बँकेच्या मासिक विवरणपत्रात मिळते. गेल्या तीन महिन्यांची विवरणपत्रे समोर ठेवून प्रत्येक नोंदीपुढे लिहावे : ही वस्तू हवी होती, की दिसली म्हणून घेतली? जे उत्तर येईल ते निमूटपणे स्वीकारावे.

दुसरी गोष्ट लोकसंग्रहाची. श्रेष्ठ पुरुष जसे वागतो तसेच इतर लोक वागतात, हा तिसऱ्या अध्यायातील सिद्धांत घरालाही लागू आहे. घरात आई-वडील हेच मुलांचे श्रेष्ठ पुरुष. वडिलांचे मन स्थिर असेलही. पण तोच मोबाइल मुलांच्या हाती जातो. वस्तू मागितली की दारात येते, आणि तिच्यासाठी कोणी काही दिले असे दिसत नाही, एवढेच त्या मुलास शिकावयास मिळते. श्रम, वाट पाहणे, नाही म्हणणे आणि नाही ऐकून घेणे, या चार गोष्टी मुलांच्या दृष्टीस पडल्या पाहिजेत. वडील कार्ड बाहेर काढतात, क्षणभर थांबतात, आईला विचारतात आणि कधी कधी ते परत ठेवून देतात, हे मुलाने पाहिले तर तो उपदेशावाचून संयम शिकेल.

ऋणाचा विचार

क्रेडिट कार्ड म्हणजे ऋण, ही गोष्ट त्याच्या गुळगुळीत रूपामुळे विसरली जाते. महाभारतातील यक्षप्रश्नात सुखी कोण, असे विचारले असता युधिष्ठिराने जी लक्षणे सांगितली त्यांत ऋण नसणे हे एक आहे. राजपुत्राच्या तोंडी हे उत्तर आहे. आणि तेही वनवासात, सर्वस्व गमावल्यावर, हे लक्षात घेण्याजोगे आहे. ज्याने द्यूतात राज्य पणास लावले, त्यास ऋणमुक्ततेचे मोल अनुभवाने कळले होते.

कार्डाचे संपूर्ण देणे मुदतीत फेडले तर व्याज पडत नाही. परंतु विवरणपत्रावर 'किमान देय रक्कम' म्हणून एक लहान आकडा छापलेला असतो, आणि तेवढा भरला की काम झाले असे पुष्कळांस वाटते. हिशेब करून पाहू. देणे वीस हजार रुपये आहे, व्याज दरमहा साडेतीन टक्के आहे आणि किमान रक्कम देण्याच्या पाच टक्के, म्हणजे एक हजार रुपये आहे, असे धरू. महिन्याचे व्याज सातशे रुपये होते; त्यावर अठरा टक्के दराने एकशे सव्वीस रुपये कर. म्हणजे भरलेल्या हजारातून आठशे सव्वीस रुपये व्याज-करात गेले आणि मूळ देणे फक्त एकशे चौऱ्याहत्तर रुपयांनी कमी झाले. शिवाय मागील बाकी शिल्लक असताना केलेल्या नव्या खरेदीवरही बहुधा पहिल्या दिवसापासून व्याज सुरू होते.

आपल्या धर्मशास्त्रात दामदुपटीचा नियम होता. थकलेले व्याज एका वेळी मुद्दलाहून अधिक वसूल करू नये, असा त्याचा आशय. ऋणकोवर दया करावी हा त्यामागील भाव. आजच्या कार्डाच्या व्यवहारात त्या नियमाचा आधार मिळेल असे कोणी समजू नये. कार्डाच्या थकबाकीवर वर्षास तीस टक्क्यांहून अधिक व्याज घेऊ नये, असा राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली दिलेला निर्णय सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केला. म्हणून येथे ऋणकोचे रक्षण मुख्यतः त्याच्या स्वतःच्या संयमानेच व्हावयाचे आहे.

संत तुकाराम महाराजांच्या परंपरागत चरित्रात एक प्रसंग सांगतात. घरची सावकारी होती. लोकांकडून येणे असलेले कागद होते. बंधूंचा वाटा त्यांना देऊन स्वतःच्या वाट्याचे कागद महाराजांनी इंद्रायणीत सोडून दिले. तो सावकाराचा त्याग होता : दुसऱ्यावरचा आपला हक्क त्यांनी सोडला. आपण सामान्य गृहस्थ त्या उंचीला पोहोचणार नाही. परंतु आपल्यावर दुसऱ्याचा हक्क किती सहजपणे निर्माण होऊ द्यावयाचा, एवढे तरी आपल्या हाती आहे. त्या सहजतेचा कागद आपणास बुडविता येतो.

त्यागाचे तीन प्रकार

एकच कृती तीन भावांनी होऊ शकते. अठराव्या अध्यायात भगवंतांनी त्यागाचे तामस, राजस व सात्त्विक असे तीन भेद सांगितले आहेत. तेथील विषय नियत कर्माचा आहे. तरी आपला भाव पारखण्यास ती कसोटी येथेही उपयोगी पडते.

बिल पाहून संताप आला, घरात भांडण झाले, आणि रागाच्या भरात कार्ड काढून टाकले; किंवा फेडावयाचे देणे दृष्टीआड व्हावे म्हणून काढले. हा मोहातून झालेला त्याग तामस होय. देणे जेथल्या तेथे राहते, आणि राग ओसरला की आठ दिवसांत कार्ड पुन्हा साठविले जाते.

कोणाची तरी फसवणूक झाल्याचे ऐकले, भय वाटले, म्हणून कार्ड काढले. सावधगिरी म्हणून हे उत्तमच आहे. परंतु भय हेच त्याचे मूळ असल्यामुळे त्यापासून त्यागाचे फळ मिळत नाही. दुसरी अधिक सुरक्षित सोय दिसताच मन तिकडे धावते.

घराच्या मिळकतीवर सर्वांचा भाग आहे, तिच्यात देव, पितर, अतिथी व दीन यांचाही अंश आहे, आणि मी तिचा केवळ विश्वस्त आहे, असे समजून, गाजावाजा न करता, फळाची अपेक्षा न धरता जो कार्ड काढतो, त्याचा त्याग सात्त्विकाच्या जवळ जातो. त्याची परीक्षा सोपी आहे : त्याने ही गोष्ट चार लोकांत सांगितलेली नसते, आणि ज्यांची कार्डे साठविलेली आहेत त्यांना तो हीन समजत नाही.

प्रत्यक्ष व्यवहारातील सावधगिरी

सद्‌भावाला ज्ञानाची जोड नसेल तर कार्य अपुरे राहते. म्हणून काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

(१) मोबाइलवरून ॲप काढून टाकल्याने कार्ड निघत नाही. खात्यात प्रवेश करून, पैसे देण्याच्या साधनांची जी यादी असते तेथे जाऊन कार्ड काढावे लागते. काढल्यावर यादी पुन्हा एकदा उघडून खात्री करावी.

(२) रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार, आपले कार्ड कोणकोणत्या विक्रेत्यांकडे टोकनरूपाने नोंदलेले आहे हे पाहण्याची आणि ते रद्द करण्याची सोय कार्ड देणाऱ्या बँकेनेच करून दिली पाहिजे. म्हणून विसरलेली खाती शोधण्यास बँकेची ही यादी फार उपयोगी पडते. वर्षातून एकदा, दिवाळीपूर्वी घर झाडण्याच्या वेळी, ही यादीही झाडून घ्यावी.

(३) कार्ड काढले म्हणजे चालू वर्गणी रद्द झाली असे समजू नये. ती स्वतंत्रपणे रद्द करावी. काही ठिकाणी वर्गणी चालू असेपर्यंत शेवटचे कार्ड काढूही देत नाहीत. कार्डावरून आपोआप होणाऱ्या आवर्ती वसुलीसाठी १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू असलेल्या नियमांप्रमाणे, रक्कम कापण्यापूर्वी किमान चोवीस तास आधी बँकेकडून सूचना आली पाहिजे. ती सूचना न वाचता पुसून टाकू नये.

(४) कार्ड काढल्याने मागील देणे संपत नाही आणि कार्डही बंद होत नाही. कार्डच नको असेल तर सर्व देणे फेडून बँकेस कळवावे. २०२२ च्या निर्देशांनुसार बँकेने अशी विनंती सात कामकाजाच्या दिवसांत पूर्ण केली पाहिजे; विलंब झाल्यास आणि काही बाकी नसल्यास प्रत्येक दिवसास पाचशे रुपये ग्राहकास देणे तिच्यावर बंधनकारक आहे.

(५) आपण न केलेला खर्च विवरणपत्रात दिसला तर लज्जेने गप्प बसू नये. तत्काळ बँकेस कळवून कार्ड रोखावे व १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. अन्याय सोसणे म्हणजे क्षमा नव्हे.

व्यापारी बंधूंस विनंती

आमच्या वाचकांत व्यापारी बंधू पुष्कळ आहेत. त्यांनी रागावू नये. व्यापार हे स्वभावप्राप्त कर्म आहे आणि स्वकर्मानेच भगवंतांची पूजा होते, हे गीतेचे वचन त्यांच्यासाठीही आहे. परंतु पूजेत कपट चालत नाही. ग्राहकास आत येण्याचे दार रुंद ठेवावे आणि बाहेर जाण्याचे दार अंधाऱ्या बोळात लपवावे, हे प्रामाणिक व्यापाऱ्याचे लक्षण नव्हे. कार्ड साठविण्याची खूण आधीच करून ठेवणे, ते काढण्याची सोय सापडणार नाही अशी ठेवणे, वर्गणी बंद करताना ग्राहकास दहा प्रश्न विचारून थकविणे, असे प्रकार बाजारात चालतात. २०२३ साली केंद्र शासनाने अशा फसव्या रचनांविरुद्ध मार्गदर्शक नियम काढले. त्याच वर्षीच्या डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण कायद्यात, संमती जितक्या सहजपणे दिली जाते तितक्याच सहजपणे ती परत घेता आली पाहिजे, हे तत्त्व ग्रथित केले. ज्याच्या हृदयात धर्म आहे त्यास हे कायद्याने शिकवावे लागू नये. ग्राहकाला थांबून विचार करू देऊनही जो माल खपतो, तोच खरा खपलेला माल.

त्या अवकाशाचे काय करावे?

शेवटी मुख्य गोष्ट. कार्ड काढल्याने दोन-तीन मिनिटांचा अवकाश मिळाला. तो रिकामा राहिला तर मन त्यात चडफडत राहील. कामना अडली की तिचा क्रोध होतो, हे वर पाहिलेच. म्हणून तो अवकाश भरून काढावा. कार्ड आणावयास उठताना भगवंतांचे नाम घ्यावे आणि स्वतःस तीन प्रश्न विचारावेत : ही वस्तू नसती तर माझे कोणते कर्तव्य अडले असते? हिचे पैसे आज माझ्याजवळ आहेत काय? आणि ही घेतल्याचे मी घरात मोकळ्या मनाने सांगू शकेन काय? तिन्ही उत्तरे अनुकूल असतील तर निःशंकपणे खरेदी करावी. धर्म्य उपभोगाला शास्त्राचा विरोध नाही. एक जरी उत्तर अडखळले तर सकाळपर्यंत थांबावे. न घेतलेल्या वस्तूच्या किंमतीतील यथाशक्ति अंश एखाद्या भुकेलेल्याच्या अन्नासाठी किंवा विद्यार्थ्याच्या पुस्तकासाठी बाजूला ठेवावा. मग तो संयम कोरडा राहणार नाही.

प्रथम हे जड जाईल. अठराव्या अध्यायात सात्त्विक सुखाचे लक्षणच असे सांगितले आहे की ते आरंभी विषासारखे आणि परिणामी अमृतासारखे असते. राजस सुखाचा क्रम याच्या उलट आहे. एका कळीसरशी दारात येणाऱ्या वस्तूचे सुख कोणत्या जातीचे, आणि महिनाअखेर देणे नसलेल्या घरात लागणाऱ्या शांत झोपेचे सुख कोणत्या जातीचे, हे प्रत्येक गृहस्थाने आपल्या अनुभवानेच ठरवावे.

आपली संमती ही फार मोलाची वस्तू आहे. ती भगवंतांच्या चरणी एकदाच आणि कायमची द्यावी. बाजारास मात्र ती प्रत्येक वेळी, विचार करून, त्या वेळेपुरतीच द्यावी.

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥